दमसास वाढविता येतो

गाण्याची आवड असलेल्या मराठी माणसास ‘दमसास’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गवई एकामागून एक लांब ताना घेत जातो, ऐकणाऱ्याचा श्वास मध्येच अडकतो, गाणाऱ्याचा मात्र अडकत नाही, तेव्हा जाणकार मान डोलावून म्हणतात, “काय दमसास आहे!” ही देणगी जन्मतःच मिळालेली असते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तिच्यामागे वर्षानुवर्षांची पहाटेची मेहनत असते. दमसास हा कमवावा लागतो, आणि तो कमावता येतो, हे आपल्या गायकवर्गाने फार पूर्वीच ओळखले होते.

मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौ येथे संगीताचे विद्यालय उभारले. ‘मॅरिस कॉलेज’ या नावाने सुरू झालेली ती संस्था आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. त्याच शहरात, जुन्या चौक भागाजवळ, किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाची भव्य इमारत आहे. तिचा पाया १९०५ साली घातला गेला, १९११ पासून तेथे विद्यार्थी शिकू लागले, आणि आता त्या महाविद्यालयाचेही विद्यापीठ झाले आहे. तेथील श्वसनरोग विभागात फुफ्फुसाच्या रोग्यांसाठी पुनर्वसनकेंद्र चालते. त्या केंद्रात ‘दमसास’ हा शब्द कोणी उच्चारीत नसेल. परंतु काम चालते ते त्याचेच. गायकाचा श्वास जसा मेहनतीने वाढतो तसाच रोग्याचाही, अगदी कर्करोगाच्या रोग्याचाही, काही अंशी वाढविता येतो, ही गोष्ट आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

प्रथम आपल्या घरांतून नेहमी दिसणारे एक चित्र डोळ्यांपुढे आणा. घरातील कर्त्या पुरुषास कर्करोग झाल्याचे निदान झाले आहे. उपचार सुरू आहेत. अंगावरचे मांस उतरले आहे. चार पावले चालले की धाप लागते. ते पाण्यासाठी उठू लागताच पत्नी लगबगीने पुढे होते. “अहो, उठू नका. मी देते ना आणून.” मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्ही फक्त पडून राहा. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे.” सून जेवणाचे ताट पलंगापाशीच आणते. नातवंडांना त्या खोलीत जाण्याची मनाई होते. घरातील प्रत्येक जण आपापल्या परीने माया करीत असतो, आणि त्या मायेच्या पांघरुणाखाली रोग्याची उरलीसुरली शक्ती दिवसेंदिवस झिजत जाते. महिन्याभराने पाहावे तो त्यांना अंथरुणात उठून बसतानाही धाप लागू लागलेली असते. घरचे लोक हताश होऊन म्हणतात, “आजार वाढला.” पुष्कळदा ते खरे असते. पण पुष्कळदा वाढलेला असतो तो केवळ आजार नव्हे, तर आजाराच्या जोडीने आलेला दुबळेपणाही. आणि त्या दुबळेपणावर काही इलाज करता येतो.

सक्तीच्या विश्रांतीने काय होते, याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास सांगितले. तीन आठवड्यांनंतर त्यांची श्रम करण्याची ताकद चौथाईहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसून आले की, तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांचे जितके नुकसान झाले नव्हते तितके त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने झाले होते. धडधाकट तरुणांची ही गत, तर रोगाने पोखरलेल्या शरीराची काय कथा!

आता श्वास चालतो कसा ते पाहू. श्वास म्हटला की आपल्याला फुफ्फुसे आठवतात. परंतु फुफ्फुसे स्वतः होऊन फुगत नाहीत. त्यांच्यात ती ताकदच नसते. त्यांना फुगविण्याचे काम स्नायू करतात, आणि त्यांतील मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल.

लखनौस गेलेल्या प्रवाशाने बडा इमामबाडा पाहिला नाही असे सहसा होत नाही. नवाब असफउद्दौला याने १७८४ साली, दुष्काळात सापडलेल्या प्रजेला काम मिळावे म्हणून, तो बांधावयास घेतला. त्यातील मुख्य दालन सुमारे पन्नास मीटर लांब आहे. आणि एवढ्या मोठ्या दालनाच्या छताला आधारासाठी ना तुळई, ना मध्ये खांब. सारा भार कमानीने तोलून धरला आहे. आपल्या छातीच्या तळाशीही असेच एक कमानदार छत आहे. पोटाच्या बाजूने पाहिले तर ते छत, छातीच्या बाजूने पाहिले तर ती जमीन. फरक इतकाच की, इमामबाड्याचे छत अचल आहे आणि हे छत जन्मापासून मृत्यूपर्यंत क्षणभरही स्वस्थ राहत नाही. श्वास घेताना श्वासपटल आकुंचन पावते, त्याची कमान खाली सरकते, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत खेचली जाते. श्वास सोडताना कमान पुन्हा वर येते. बरगड्यांमधील स्नायू त्यास साहाय्य करतात. फारच कष्ट पडू लागले तर मानेचे आणि खांद्यांचे स्नायूही मदतीस धावतात. दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा ही क्रिया चालते.

निरोगी माणसाला या कामाची जाणीवही नसते, कारण शरीरात खर्च होणाऱ्या एकंदर प्राणवायूपैकी जेमतेम दोन-तीन टक्के प्राणवायू त्यासाठी लागतो. पण स्नायू दुबळे झाले, फुफ्फुसे ताठर झाली किंवा वाटेत अडथळा आला की हाच खर्च कित्येक पटींनी वाढतो. श्वास घेणे हेच मग एक मजुरीचे काम होऊन बसते. अशा वेळी रोगी बोलता बोलता थांबतो आणि वाक्य पुरे करण्यास त्याला दुसरा श्वास घ्यावा लागतो.

कर्करोगात हे स्नायू दुबळे का होतात, याची कारणे एकाहून अधिक आहेत. रोगामुळे भूक मंदावते आणि शरीर आपलेच मांस जाळू लागते. दंडा-मांड्यांचे मांस उतरलेले डोळ्यांना दिसते. श्वासपटल तेवढेच झिजलेले असले तरी ते दिसत नाही. काही रोग्यांना दीर्घकाळ स्टिरॉईड जातीची औषधे द्यावी लागतात, त्यांनीही स्नायू अशक्त होतात. छातीवर किंवा पोटाच्या वरच्या भागावर शस्त्रक्रिया झाली असेल तर टाक्यांच्या वेदनेमुळे रोगी वरवरचा श्वास घेतो, खोकणे टाळतो आणि कफ साचतो. यावर भर पडते ती भीतीची. धाप लागली की माणूस घाबरतो. घाबरला की उथळ आणि जलद श्वास घेऊ लागतो. त्याने धाप आणखी वाढते. मग धाप लागू नये म्हणून तो हालचाल टाळतो; हालचाल टाळल्याने स्नायू आणखी दुबळे होतात; आणि पुढच्या वेळी थोड्याशा हालचालीनेही धाप लागते. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही. ते कोठेतरी बळेच अडवावे लागते.

मात्र येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. कर्करोग्यास लागणारी प्रत्येक धाप स्नायूंच्या दुबळेपणामुळेच लागते असे नाही. रक्त कमी झाल्याने धाप लागते. फुफ्फुसाभोवती पाणी साचल्याने लागते. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने, न्यूमोनियाने किंवा छातीवरील किरणोपचारानंतर काही आठवड्यांनी येणाऱ्या फुफ्फुसाच्या सुजेनेही लागते. यांतील प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. साचलेले पाणी व्यायामाने उतरत नाही आणि रक्ताची उणीव यंत्रात फुंकून भरून निघत नाही. म्हणून श्वासाचा व्यायाम सुरू करण्यापूर्वी धापेचे कारण डॉक्टरांकडून निश्चित करून घ्यावे. हा क्रम कोणीही उलटवू नये.

आता प्रत्यक्ष व्यायामाकडे वळू. तालमीतला पहिलवान दंड कमावण्यासाठी मुद्गल फिरवतो. मुद्गलाचे वजन हाच त्याचा व्यायाम. श्वासाच्या स्नायूंनाही असेच वजन देता येते. त्यासाठी हातात मावेल एवढे एक लहानसे साधन मिळते. त्याचे एक टोक ओठांत धरावयाचे असते आणि आत स्प्रिंगची झडप असते. नाकाला चिमटा लावून रोगी तोंडाने श्वास ओढतो. पुरेशा जोराने ओढल्याखेरीज झडप उघडत नाही. स्प्रिंग कमी-अधिक आवळून हा जोर वाढविता किंवा कमी करता येतो.

वजन किती ठेवावयाचे, ते अंदाजाने ठरवीत नाहीत. प्रथम रोगी जास्तीत जास्त किती जोराने श्वास ओढू शकतो, हे तोंडापाशी दाब मोजणाऱ्या यंत्राने पाहतात. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये सांगतात. तो ८० च्या पुढे असला तर श्वासाच्या स्नायूंत विशेष दुबळेपणा नाही असे सामान्यतः धरतात. समजा, एखाद्या रोग्याचा दाब ५० भरला; तर त्याच्या तीस टक्के, म्हणजे १५, एवढ्या भारापासून आरंभ करतात. रोज सुमारे तीस श्वास सकाळी आणि तीस श्वास सायंकाळी, मध्ये हवी तितकी विश्रांती घेत, आठवड्यातून निदान पाच दिवस, असा सर्वसाधारण पाठ असतो. रोग्याला तो पाठ सोपा वाटू लागला की भार थोडा वाढवितात. फरक दिसावयास चार ते सहा आठवडे लागतात. आणि पहिलवानाने तालीम सोडली की जसे दंड उतरतात, तसाच हा व्यायाम सोडला की मिळालेला लाभही हळूहळू ओसरतो.

रुग्णालयातून घरी जाताना पुष्कळ रोग्यांच्या हाती तीन रंगीत गोळ्यांचे प्लॅस्टिकचे साधन दिलेले असते. नळीने श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. हे साधन आणि वर वर्णिलेले झडपेचे साधन ही एकच, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. गोळ्यांचे साधन रोग्याला सावकाश आणि खोल श्वास घ्यावयास शिकवते, शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसाचे मिटलेले कोपरे उघडण्यास त्याचा उपयोग व्हावा म्हणून ते देतात. पण त्यात स्नायूंवर ठरावीक भार नसतो. पहिले साधन म्हणजे अंग मोकळे करणे, दुसरे म्हणजे वजन उचलणे, असे म्हटले तरी चालेल. आपल्या रोग्याला कोणते हवे, ते भौतिकोपचार-तज्ज्ञास विचारावे. कोणतेही साधन घेतले तरी एकाचे दुसऱ्याने तोंडात धरू नये. रोज कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन ते पूर्ण वाळवावे.

“मग प्राणायाम केला तर?” असा प्रश्न आपल्या मनात आलाच असेल. सावकाश, लयबद्ध श्वासाने मन शांत होते आणि घाबरेपणा उतरतो, यात शंका नाही. तेवढ्यापुरता तो अवश्य करावा. परंतु कपालभाती आणि भस्त्रिका यांसारखे जोरकस प्रकार, तसेच श्वास रोखून धरणे, हे शस्त्रक्रियेनंतर, बरगड्यांत रोग पसरला असताना किंवा रक्तातील बिंबाणू फार कमी झाले असताना डॉक्टरांच्या अनुमतीवाचून करू नये. फुगे फुगवावयास देण्याचीही पद्धत आहे. त्यात श्वास सोडणाऱ्या स्नायूंना श्रम पडतात, श्वास ओढणाऱ्यांना नव्हे.

या व्यायामाचा लाभ किती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हॉलंडमधील एका अभ्यासात, हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम केलेल्या रोग्यांपैकी १८ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसाचे उपद्रव झाले. व्यायाम न केलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तर तत्पूर्वी चालणे, सायकल व श्वासाचे व्यायाम केल्याने असे उपद्रव निम्म्याच्या आसपास कमी होतात, असे अनेक लहान अभ्यास एकत्र पाहिल्यावर २०२२ साली आढळून आले. याउलट अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या रोग्यांस केवळ श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या स्नायूंचा जोर वाढला खरा, पण शस्त्रक्रियेनंतरचा न्यूमोनिया त्यामुळे कमी झाला नाही. हा निष्कर्ष २०१८ सालचा आहे. तात्पर्य, हा व्यायाम म्हणजे जादू नव्हे. त्याने कर्करोग बरा होत नाही. सर्व शरीराच्या व्यायामाला, आहाराला आणि मूळ उपचाराला त्याची जोड दिली तर तो उपयोगी पडण्याचा संभव अधिक. एकट्यावर भिस्त ठेवू नये.

तरीही एका गोष्टीसाठी तो मोलाचा आहे. लखनौहून निघणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसने कितीतरी रोगी वर्षानुवर्षे मुंबईच्या परळ भागातील टाटा रुग्णालयात येत राहिले आहेत. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. पुढे लखनौ येथेच संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्था निघाली, कर्करोगासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, आणि २०१८ साली वाराणसी येथेही टाटा स्मारक केंद्राच्या वतीने कर्करोग रुग्णालय सुरू झाले. उपचार घराजवळ येऊ लागले, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि लखनौ असो वा मुंबई, तपासण्यांत आणि शस्त्रक्रियेचा दिवस मिळण्यात काही काळ जातोच. हे दिवस बहुतेक घरांत केवळ काळजीत आणि पडून राहण्यात जातात. वस्तुतः हेच दिवस तयारीचे आहेत. लग्न ठरल्यावर तिथीपर्यंतचे दिवस कोणी रिकामे दवडतो काय? तसेच शस्त्रक्रियेपूर्वीचे दोन-चार आठवडे श्वासाचा व्यायाम, रोजचे चालणे आणि पोटभर सकस आहार यांत घालवावेत. तंबाखू, गुटखा, विडी-सिगारेट त्याच दिवशी कायमची सोडावी. डॉक्टरांची भेट होताच आपण होऊन विचारावे, “शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत आम्ही काय तयारी करावी?” हा प्रश्न विचारण्यास पैसा पडत नाही. मात्र व्यायाम पुरा व्हावा म्हणून शस्त्रक्रियेचा दिवस पुढे ढकलण्याचा विचारही करू नये.

झडपेचे साधन मिळाले नाही म्हणून कोणी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. घरच्या घरी करण्यासारख्या पुष्कळ गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, पोटाने श्वास घेणे. पाठीला तक्क्याचा आधार देऊन बसवावे. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घेताना पोटावरचा हात वर उचलला जावा, छातीवरचा शक्यतो स्थिर राहावा. असे पाच-सहा श्वास, दिवसातून चार-पाच वेळा.

दुसरी, ओठ चंबूसारखे करून श्वास सोडणे. गरम दूध फुंकर घालून निववतो तसे ओठ करावेत आणि श्वास घेण्यास जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळात तो हलके हलके सोडावा. जिना चढताना, वाकून उठताना ही रीत विशेष उपयोगी पडते. जोर लागण्याच्या क्षणी श्वास सोडावा, रोखू नये.

तिसरी, बसण्याची रीत. धाप लागली असता रोग्याला आडवे करू नये. खुर्चीवर बसवून, किंचित पुढे झुकवून, कोपरे मांड्यांवर किंवा समोरच्या मेजावर ठेवू द्यावीत. खांद्यांना आधार मिळाला की मानेच्या स्नायूंना श्वासाच्या कामी साहाय्य करणे सोपे जाते.

चौथी, पंखा. लखनौच्या उन्हाळ्यात हातपंखा प्रत्येक घरी असतोच. चेहऱ्यावर, विशेषतः नाक आणि गालांवर, वाऱ्याची झुळूक घेतल्याने धापेची जाणीव कमी होते, असे केंब्रिज येथील अभ्यासात दिसून आले असून तो २०१० साली प्रसिद्ध झाला. बॅटरीवर चालणारा हातात धरण्याचा लहान पंखा त्यांनी वापरला होता. इतका स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय वैद्यकात क्वचितच सापडेल.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, चालणे. आज पलंगापासून दारापर्यंत, चार दिवसांनी ओसरीपर्यंत, मग अंगणाला एक फेरी. शून्यापासून दहापर्यंत धापेला गुण द्यावेत. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे असह्य. चालताना तीन-चारच्या आसपास धाप लागली तर भिण्याचे कारण नाही; थांबल्यावर काही मिनिटांत ती उतरली पाहिजे. हिवाळ्यात लखनौवर धुके आणि धूर यांचे दाट आवरण पसरते. अशा दिवसांत पहाटे बाहेर न जाता घरातच फेऱ्या घालाव्यात. उन्हाळ्यात लू वाहू लागण्यापूर्वीच फिरून यावे. रोग्याच्या खोलीत चुलीचा, उदबत्तीचा किंवा डासांच्या अगरबत्तीचा धूर नसावा.

काही लक्षणे दिसताच मात्र व्यायाम ताबडतोब थांबवून रुग्णालय गाठावे. एकाएकी वाढलेली धाप, छातीत कळ, एकाच पायाला आलेली सूज, थुंकीतून रक्त, ओठ निळसर पडणे, चेहरा आणि मान सुजणे, औषधोपचार चालू असताना १००.४ अंशांवर गेलेला ताप. यांपैकी कोणत्याही वेळी ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ असे म्हणू नये.

आणि काही रोग्यांच्या बाबतीत अशी वेळ येते की, स्नायूंवर भार घालणे हे दयाळूपणाचे राहत नाही. रोग फार पुढे गेलेला असतो. अशा वेळी व्यायामाचा आग्रह सोडावा. तेव्हा पंखा, टेकून बसणे, जवळच्या माणसाचा हात आणि डॉक्टरांनी धाप शमविण्यासाठी दिलेली औषधे हाच धर्म. धाप असह्य असता डॉक्टर अल्प प्रमाणात मॉर्फिन देतात. त्याच्या नावाने घरच्यांनी दचकू नये. योग्य देखरेखीखाली ते रोग्याचे फार मोठे दुःख हलके करते.

परंतु ही वेळ अजून आलेली नाही असे जेथे डॉक्टर सांगतात, तेथे घरातील मंडळींनी आपल्या मायेची रीत थोडी बदलावी, एवढीच विनंती आहे. पाण्याचा पेला पलंगापाशी न ठेवता चार पावलांवर ठेवा. “उठू नका” याऐवजी “चला, मी बरोबर येते” म्हणा. मुलाने रोज सायंकाळी वडिलांबरोबर अंगणात फेरी घालावी. नातवाला श्वास मोजावयास सांगावे. त्याला खेळ होईल आणि आजोबांची तालीम होईल. एका लहान वहीत रोजची पावले, रोजचे श्वास आणि धापेचे गुण लिहून ठेवावेत, आणि पुढच्या भेटीस ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. कोणाचे पाऊल दारापर्यंत जाईल, कोणाचे अंगणापर्यंत, कोणी एक वाक्य न थांबता पुरे बोलू शकेल. बाहेरच्या माणसाला ही मिळकत क्षुद्र वाटेल. ज्याच्या घरी असा रोगी आहे त्याला तिची किंमत सांगावयास नको.

आपल्या घरात किंवा शेजारी असा कोणी असेल, तर हे पान वाचून बाजूस ठेवू नका. आज सायंकाळीच त्यांना हात देऊन उठवा, आणि चार पावले त्यांच्याबरोबर चाला.